मान खाली, साडूभाऊ

देवाने माणसाला दोन हात दिले आणि माणसाने ते जन्मभर चुकीचेच धरले, असं आमच्या साडूंचं ठाम मत आहे, आणि हे मत ते स्वतःजवळ ठेवत नाहीत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा गोल्फ शिकवण्याचा. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी घरांमध्ये कोणी वकील, कोणी मास्तर, कोणी माझ्यासारखा रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेला. गोल्फ शिकवणारा एवढा एकच निघाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. त्यांच्यासमोर सुखाने चहाचा कप उचलायची सोय नाही. "कपाचा गळा काहून दाबून राहिले तुमी? बोटं सैल सोडा. चहा कुठी पळून नाही जात," असं म्हणून ते उठतात, माझी बोटं एकेक करून कपावर लावतात आणि दोन पावलं मागे सरकून बघतात. तोवर चहा निवतो. माझ्या भाच्याच्या लग्नात त्याने हार घालायला हात वर केले, तर पहिल्या रांगेतून आवाज आला, "उजवा खांदा पाडू नको रे पोट्ट्या." नवरदेव बिचकला आणि हार नवरीच्या एका कानाला अडकून राहिला. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण साडूंना तिथे आणलं मी होतं. साडू शांत होते. "सांगितलं होतं ना मी," एवढंच म्हणाले.

नुसतं सांगून भागलं असतं तरी सोसलं असतं. पण त्यांना करून दाखवायची खोड आहे, आणि त्यासाठी हाताला जे लागेल ते चालतं. माझी एक छत्री त्यांनी अशीच वाकवली, दिवाणखान्यातला एक दिवा फोडला. एका काकांच्या तेराव्याला पंगतीत वाढायला घेतलेला वरणाचा डाव त्यांच्या हातात आला, आणि शेजारी कोणीतरी सहज विचारलं की हे गोल्फ म्हणजे नेमकं काय असतं. मी "नको, नको" म्हणेपर्यंत डाव खांद्यामागे जाऊन परत आला होता. वरण कुठवर गेलं ते मी सांगत नाही. त्या घराशी आमचं जाणंयेणं आता कुठे सुरळीत झालं आहे. माझ्या बायकोचं मात्र त्यांच्याविषयी चांगलं मत आहे. पोळ्या लाटताना त्यांनी एकदा तिला मनगट सैल सोडायला सांगितलं आणि त्या दिवसापासून तिच्या पोळ्या गोल व्हायला लागल्या. बत्तीस वर्षं मी त्या पोळ्यांबद्दल ब्र काढला नव्हता, हे माझं मोठेपण कोणाच्या ध्यानात आलं नाही.

या माणसाला गोल्फ आला कुठून, हाही एक प्रश्नच आहे. शहराला लागून असलेल्या बीरगावच्या एका मिलमध्ये ते स्टोअर सांभाळत होते. मिलच्या शेटना उतारवयात गोल्फचा नाद लागला, त्यांनी मिलच्या मागच्या मोकळ्या जागेत जाळी बांधून घेतली आणि कलकत्त्याहून एक शिकवणारे साहेब बोलावले. साडूंचं काम एवढंच, की चेंडूंची टोपली काढून द्यायची आणि बाजूला उभं राहायचं. सहा महिने ते हाताची घडी घालून बघत राहिले आणि सातव्या महिन्यात साहेबांना म्हणाले, "सर, आपकी बायीं कोहनी मुड रही है." साहेब भडकले. पण रात्री त्यांनी आरशात बघितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचं कोपर सरळ होतं. पुढे मिल बंद पडली, शेटही गेले, पण शेटच्या मित्रांनी साडूंना शहराबाहेरच्या क्लबात नेलं आणि पहाटेचा वर्ग त्यांच्या हवाली केला. प्रमाणपत्र नाही, पदवी नाही, नुसती नजर. त्या नजरेवर त्यांनी पंचवीसेक वर्षं काढली.

त्यांची सगळी विद्या एका वाक्यात मावते: मान खाली. फटका मारला की चेंडू कुठे गेला हे बघायला माणूस मान वर करतो. मान गेली की खांदा जातो आणि खांद्याबरोबर फटकाही जातो. म्हणून चेंडू जिथे होता त्या गवताकडे बघत राहायचं. चेंडू जाऊन पडला की साडू मागून सांगणार, "हं, पाहा आता." बाकी सगळं ते हिंदीत शिकवतात, हे एवढंच मराठीत. त्यांच्या हाताखालून गेलेले डॉक्टर, ठेकेदार, बडे अधिकारी, ज्यांना मराठीचं दुसरं अक्षर येत नाही, तेसुद्धा हे ऐकल्याशिवाय मान वर करत नाहीत.

मैदानापुरतं हे ठीक होतं. पण साडूंनी ते संसारातही आणलं. कागदाचा बोळा टोपलीत फेकतील, पण तो आत पडला की बाहेर हे बघणार नाहीत. त्यामुळे आमच्या मेव्हणीबाईंच्या घरात टोपली रिकामी आणि भोवती बोळेच बोळे. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा तीन दिवस त्यांनी किती मार्क पडले ते विचारलं नाही. पोरगी रडकुंडीला आली. "पापा, आपको जानना भी नहीं है?" तर म्हणाले, "पेपर नीट लिहिला होता ना? मग तुझं काम झालं." तिचे मार्क चांगले होते. ती अजूनही ही गोष्ट सांगते, आणि सांगताना हसते, पण पूर्ण हसत नाही. मी त्या वेळी साडूंना चांगलं झापलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी बोलताना हनुवटी फार वर नेता."

अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात भाषणाचं बोलावणं आलं. शहराबाहेरच्या एका मोठ्या हॉटेलात गोल्फचं प्रादेशिक प्रदर्शन भरणार होतं: काठ्यांचे, बुटांचे, टोप्यांचे गाळे, आणि मधल्या सभागृहात शिकवणाऱ्यांची भाषणं. साडूंच्या क्लबाला नवे सचिव आले होते. त्यांनी एक प्रमाणपत्रवाला तरुण हेरला होता, ज्याच्याकडे चेंडूचा वेग, उंची, फिरकी सगळं पडद्यावर दाखवणारं यंत्र होतं. दोघांनाही भाषणाला उभं करायचं आणि मग पहाटेचा वर्ग कोणाकडे द्यायचा ते ठरवायचं, असं सचिवांनी साडूंना तोंडावर सांगितलं. साडू माझ्याकडे आले. पैशाचं त्यांना काही नव्हतं, पोरगी नागपुरात चांगली नोकरी करते. गच्चीवर बसले आणि म्हणाले, "वर्ग गेला तर पहाटे पाच वाजता उठून मी जाऊ कुठी, साडूभाऊ?" या माणसाने मला खरोखरचा प्रश्न विचारल्याची ती पहिली वेळ. मी भाषण लिहून द्यायचं कबूल केलं. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत माझे दोन लेख आले आहेत, तेव्हापासून नात्यातली निमंत्रणं, मानपत्रं आणि श्रद्धांजल्या माझ्याकडेच असतात.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातून वजा करावेत. भाषण मी हिंदीत, झोकात लिहिलं, आठ पानी. साडू रोज संध्याकाळी गच्चीवर येत, गुडघे किंचित वाकवून चेंडूपुढे उभे राहतात तसे कागदापुढे उभे राहत आणि मान खाली घालून वाचत. मी म्हणे, "अहो, लोकांकडे बघा." ते म्हणत, "लोकायकडं पाहिलं का हात बिघडते." मी म्हणालो, भाषणाला हात लागत नाहीत. शेवटी तोड निघाली. ते मान खाली घालूनच वाचणार, संपलं की तसेच थांबणार, आणि मी समोरून "हं, पाहा आता" म्हटलं की मान वर करून हात जोडणार. त्यांना ही योजना इतकी पसंत पडली की त्यांनी माझी हनुवटीसुद्धा माफ केली.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रमाणपत्रवाला तरुण आधी बोलला. पोरगा वाईट नव्हता. पडदा, रेषा, आकडे, लोक खूश. तो लांबला, त्यानंतर बुटांच्या कंपनीचा माणूस लांबला, आणि साडू उभे राहिले तेव्हा दीड वाजला होता. शेजारच्या मंडपातून फोडणीचा वास येत होता. साडू पहिल्या पानाच्या मध्यावर असतील, इतक्यात निवेदक बाईंनी दुसऱ्या माईकवरून गोड आवाजात सांगितलं, "भोजन तैयार है, सर का वक्तव्य भी चलता रहेगा, आप अपनी सुविधा से..." सुविधा म्हटल्यावर रायपूरचा माणूस थांबतो थोडाच. खुर्च्या करकरायला लागल्या. दुसऱ्या पानाला अर्धं सभागृह गेलं. तिसऱ्या पानाला सचिव फोन कानाला लावून उठले आणि परत आले नाहीत. पाचव्या पानाला समोर मी, माझी बायको आणि मेव्हणी, अशी तीन माणसं उरली, तीनही घरचीच. साडू मान खाली घालून वाचत होते, अगदी ठरल्याप्रमाणे.

मला त्या निवेदक बाईंचा संताप आला, सचिवांचा आला, पण सगळ्यात जास्त माझाच आला. आठ पानं लिहायची काय गरज होती? दोन पानी भाषण लोकांनी उभ्याउभ्या ऐकलं असतं. आयुष्यभर मी या माणसाला म्हणत आलो, जरा मान वर करा, जगाकडे बघा, आणि आता देवाजवळ मागत होतो की त्याने मान वर करू नये. मी उठलो आणि मंडपात पळालो. सचिव ताट घेऊन कोणाशी तरी बोलत होते. मी हात जोडले, ते म्हणाले, "बस, खाना खाकर आता हूं." मग मी दिसेल त्याला धरलं. तात्यापाऱ्यातलं एक ओळखीचं जोडपं पापड खात होतं, त्यांना ताटांसकट उठवलं. टोप्यांच्या गाळ्यावरच्या विक्रेत्याला ओढलं. दारावरच्या दोघा सुरक्षारक्षकांना म्हटलं, "भैया, पांच मिनट बैठ जाओ, हमारे आदमी का भाषण है." त्यातला वयस्कर छत्तीसगढीत म्हणाला, "हव, बइठ जाथन," आणि टोपी काढून आला.

आम्ही आत शिरलो तेव्हा सभागृहात आवाज नव्हता. भाषण संपलं होतं. साडू गुडघे वाकवून, कागदाकडे बघत, मान खाली घालून उभे होते, माझ्या शब्दाची वाट बघत. किती वेळ उभे होते कोण जाणे. मेव्हणी पदर तोंडाला लावून बसली होती. तिला सांगता आलं असतं, पण ते माझं काम होतं. मी सगळ्यांना खुणेने पुढच्या रांगेत बसवलं, खुर्च्या वाजू न देता. मग घसा साफ करून म्हणालो, "हं, पाहा आता."

साडूंनी मान वर केली. आठ माणसं होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वयस्कर रक्षकाने सर्वांत जोरात. साडूंनी हात जोडले, खाली उतरले आणि त्या रक्षकाला म्हणाले, "डंडा थोडा ढीला पकडो, कंधा दुखेगा नहीं."

परतताना गाडीत मी साडूंच्या शेजारी बसलो. मीच म्हणालो, चांगलं झालं भाषण. साडू बाहेर बघत होते. "खुर्च्या ऐकू येते ना, साडूभाऊ," ते म्हणाले. "पह्यल्या पानापासून ऐकून राहिलो."

"मग थांबले काहून नाही?" मीही त्यांच्याच बोलीवर आलो.

"अर्ध्यात फटका सोडला का पाठ धरते."

आठवड्याभराने वर्ग त्या तरुणाकडे गेला. साडूंनी किल्ल्या देताना त्याला त्याचं डावं मनगट दुरुस्त करून दिलं, आणि तो म्हणे त्यांच्या पाया पडला. उन्हाळ्याआधी मुलगी येऊन दोघांना नागपूरला घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी साडू माझ्या गच्चीवर आले, आपली एक जुनी काठी माझ्या हातात दिली, माझी बोटं एकेक करून तिच्यावर लावली आणि दोन पावलं मागे सरकून बघितलं. पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत.

आता मी पहाटे पाचला उठतो. का उठतो ते बायकोने विचारलेलं नाही. गच्चीवर जुन्या मोज्यांचा एक बोळा ठेवतो, बोटं सैल सोडतो, उजवा खांदा पडू देत नाही. परवा एक फटका खरोखर चांगला बसला. हातालाच कळतं ते. बोळा कुठे गेला ते मी बघितलं नाही. मान खाली घालून सिमेंटकडे बघत थांबलो, आणि बराच वेळ तसाच उभा होतो.