आधी पॅलेट, मग डोंगर

तेलरंगाचं चित्र लवकर वाळत नाही. एक ओलं चित्र दुसऱ्यावर ठेवलं की दोन्ही बिघडतात. त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये चित्रं मोजकीच आहेत. किस्से मात्र कितीही ओले असले तरी एकावर एक रचता येतात, आणि आता त्यांचाच ढीग मोठा झालाय!

ग्रुप म्हणजे रविवारी सकाळी गंगापूर धरणाच्या काठावर जमणारी आम्ही सात-आठ माणसं. शिकवतात देवरे सर, शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे शिक्षक. त्यांच्यासोबत चहाचा थर्मास घेऊन काकू. थंडीत पाण्यावर धुकं तरंगत असतं आणि पलीकडचे डोंगर असून नसल्यासारखे दिसतात. तिथं बसलं की आपणही हळूहळू तसेच होतो. मोठ्यानं बोलावंसंच वाटत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गेल्या थंडीत सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, सर टाळत होते. सुरीची भीती नव्हती. भीती वेगळीच होती, ती काकूंनी सांगितली.

"हे म्हणतात, उद्या स्वच्छ दिसायला लागलं आणि कळलं की इतकी वर्षं डोंगर चुकीचेच काढले, तर मग मी काय करू?"

आम्ही चहा प्यायलो.

*

सरांचा पहिला नियम पॅलेटचा. पांढरा कोपऱ्यात, मग पिवळे, मग लाल, मग मातकट, शेवटी निळे. ट्यूबमधून रंग काढायचा तो ह्याच क्रमानं, दर रविवारी, न चुकता.

"बायकांना हे समजवायला नको," सर म्हणाले. "घरच्या मिसळणाच्या डब्यात हळद कधी जागा सोडते का?"

सातपूरच्या आमच्या मंदाताई एकदम खूश! पुढच्या रविवारी त्यांनी पॅलेट उघडली तर सगळे रंग गोलात मांडलेले, प्रत्येकाची वेगळी वाटी, मधोमध पांढरा.

सर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "छान. आता फोडणी द्या!"

*

देवळ्याचे बोरसे भाऊ कांद्याचे व्यापारी. भल्या पहाटे निघून मोटारसायकलवर येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी काळ्या रंगाची भलीमोठी ट्यूब आणली.

"सर, सावलीला लागेलच ना?"

सरांनी ट्यूब परत पिशवीत ठेवली आणि समोरच्या बाभळीची सावली दाखवली. "तिथं काळा दिसला की मला हाक मारा."

भाऊ मांडी घालून बसले. चहा निवला, ऊन वर आलं. शेवटी हाक आली, "सर, ही तर जांभळी हे हो!"

दुपारी घरी गेल्यावर त्यांनी सरांना फोन केला. आवाज घाबराघुबरा. "सर, आमच्या म्हशीची सावलीबी जांभळीच निघाली!"

"निघणारच. आणि म्हैस?"

फोन कानाला लावूनच भाऊ गोठ्यात डोकावून आले. मग भाऊ म्हणाले, "म्हैसबी आता काळी वाटत नाय. लय घोळ झाला, सर!"

*

सरांचा दुसरा नियम असा की कॅनव्हासला हात लावण्याआधी पॅलेटवर ढीग तयार हवेत. एक आकाशाचा, एक लांबच्या डोंगराचा, एक जवळच्या डोंगराचा, एक झाडांचा, एक मातीचा. लांबचं ते निळसर आणि फिकट, जवळचं ते ऊबदार.

बोरसे भाऊंना ढीग लावायला काय सांगायचं! कांदा निवडावा तसे ते रंग निवडत होते. पण ढीग मनासारखे होईपर्यंत धुकं वर गेलं आणि डोंगराचा रंगच पालटला. भाऊंनी सगळं खरवडलं, पुन्हा कालवलं. तोवर ऊन सरकलं. पुन्हा खरवडलं.

"सर, डोंगर थांबतच नाय हो!"

"भाऊ, मार्केटमध्ये भाव थांबतो का?"

आम्ही सामान आवरलं तेव्हा भाऊंचा कॅनव्हास कोरा पांढरा होता आणि पॅलेटवर एकापेक्षा एक सुंदर ढीग. घरी वहिनींनी ती पॅलेटच भिंतीला लावली. पाहुणे विचारतात, "हे काय?"

वहिनी अभिमानानं सांगतात, "गंगापूर डॅम!"

*

आता हा किस्सा सांगताना आम्ही हसतो, पण त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं.

मंदाताईंना वाटलं, सरांची थोडी सेवा करावी. सर काठावर फिरायला गेले तेव्हा त्यांनी सरांची पॅलेट लखलखीत पुसली आणि रंग नव्यानं काढून दिले. फक्त निळे आणले पिवळ्यांशेजारी, आणि मातकट रंग सरकवले शेवटी. "दिसायला छान दिसतं ना असं!"

सर आले, बसले, पाण्याकडे बघत त्यांनी ब्रश बुडवला आणि आकाश भरायला घेतलं. आकाश चॉकलेटी! आम्हाला वाटलं, मोठ्या माणसाचं काहीतरी असेल. आम्ही माना डोलवत राहिलो.

बोरसे भाऊंना राहवलं नाही. "सर, वावटळ काढताय का?"

सरांचा हात थांबला. त्यांनी पॅलेट डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ आणली. काकू थर्मास ठेवून उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, जागा बदलल्यात कुणीतरी."

तेव्हा आम्हाला कळलं. सर रंग बघून उचलत नव्हते. जागा पाठ होती, म्हणून आकाश निळं व्हायचं.

मंदाताई रडायलाच लागल्या. सर त्यांना म्हणाले, "अहो रडताय काय, तुमच्यामुळे ऑपरेशनची तारीख ठरली!"

*

आधी उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी काढल्यावर सरांचं पहिलं वाक्य, "ही भिंत इतकी निळी कशाला रंगवली?"

काकू म्हणाल्या, "पांढरी आहे हो."

घरी येताच त्यांनी स्वतःची सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावली.

*

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या रविवारी सर धरणावर आले, काळा गॉगल लावून. काकूंच्या हातात चादरीत गुंडाळलेलं एक चित्र होतं. गेल्या काही वर्षांतलं, सरांचं सगळ्यात आवडतं. हाच काठ, हाच डोंगर.

सरांनी गॉगल काढला. काकूंनी चादर सोडली आणि चित्र दोन्ही हातांनी डोंगराशेजारी धरलं.

समोर डोंगर निळा, अगदी नुकता धुतल्यासारखा. चित्रातला मधाच्या रंगाचा. पाणी मधाचं, धुकंही मधाचं. रंग उचलले होते पाठ जागेवरून, पण कालवले होते मोतीबिंदूच्या डोळ्यांनी.

लांब एक बगळा पाण्यावरून गेला, त्याच्याकडेही कुणी बघितलं नाही.

"चुकलं," सर म्हणाले. "सगळंच पिवळं आहे."

काकूंनी चित्र खाली केलं नाही.

मग सरांनी तळहातानं उजवा डोळा झाकला. ऑपरेशन न झालेल्या डाव्या डोळ्यानं डोंगराकडे बघितलं. मग चित्राकडे. पुन्हा डोंगराकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"बरोबर आहे! अगं, अगदी बरोबर आहे!"

"असू दे," काकू म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात त्या डोळ्याची तारीख घ्यायचीय, लक्षात आहे ना?"

सरांनी हात काढला नाही. "थांब गं जरा. ह्या डोळ्यातला डोंगर अजून काढून व्हायचाय."

काकूंनी चित्र दगडाला टेकवून ठेवलं, सरांच्या शेजारी बसल्या आणि आपलाही एक डोळा झाकला.