मामीच्या कानावर लावलेलं इंजिन

आमचे मामा कापडगिरणीत फिटर होते. अडतीस वर्षं त्या गोंगाटात काढल्यावर त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले. "लग्नाला मी 'हो' म्हटलं, तेवढंच यांना नीट ऐकू आलं," असं मामी म्हणायची. ती घरी कपडे शिवायची आणि तिचा कान भलताच तिखट. शेजाऱ्यांचा पंप बिघडणार हे शेजाऱ्यांच्या आधी तिला कळायचं.

निवृत्तीनंतर मामांनी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी टेबल टाकलं आणि वीतभर लांबीचं वाफेचं इंजिन करायला घेतलं. दीड वर्षाने ते चाललं, पण व्हॉल्व्हचं काम राहिलं होतं. पिस्टन टोकाशी पोचतो तेव्हाच वाफ आत शिरली पाहिजे आणि दोन्ही टोकांना सारखीच, तरच ठोके एकसारखे पडतात. ती वेळ ठरवते चाकाच्या आसावरची एक छोटी चकती. तिचा स्क्रू सैल करायचा, ती केसभर फिरवायची, पुन्हा आवळायचा आणि इंजिन चालवून बघायचं. व्हॉल्व्हचं झाकण काढून डोळ्यांनीही हे जुळवता येतं, पण मामांचा भरवसा मामीच्या कानावर. शिवण हातातून खाली न ठेवता ती निकाल द्यायची, "अहो, लंगडतंय."

ते जुळायच्या आतच मामीला झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. त्या हाताचं एक बोट तेवढं जेमतेम हलायचं. ते हलतं ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मामांनी तिची खुर्ची टेबलाशी आणली. इंजिन चालू केलं, तिचा हात आपल्या तळहातावर घेतला आणि सांगितलं, ऐकू येईल तसे ठोके दे. ती देऊ लागली. एक ठोका जोरात, एक हलका. मामांनी इंजिन थंड होऊ दिलं आणि चकती जराशी फिरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे तीन महिने गेले. रविवारी मी जायचे, तेव्हा मामी घामाघूम होऊन बोट हलवत असायची आणि मामा डोळे मिटून बसलेले असायचे. तिला किती दमवता, असं मी एकदा म्हटलं. मामांनी ऐकलं नाही, म्हणजे खरोखरच त्यांना ऐकू गेलं नाही. मामी मात्र अर्ध्या ओठांनी हसली.

दुसऱ्या झटक्यात ती गेली.

पंधरा दिवसांनी मी गेले, तर मामा टेबलाशीच होते. त्यांनी पाणी तापवून इंजिन चालू केलं आणि कसं वाटतंय म्हणून विचारलं. मला खोटं बोलवेना. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हटलं, "बरंच लंगडतंय, मामा."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात मी झाकण काढून ते डोळ्यांनी बरोबर जुळवलं होतं. तिचं बोटच सारखं पडत नव्हतं." मग चाकाकडे बघत राहिले. "पण झालं म्हटलं असतं, तर तिने बोट हलवायचं कशासाठी? म्हणून ती ठोके देईल तसं मी बिघडवत गेलो."

"आणि तिला हे कळलं नाही?"

"तिला?" मामा म्हणाले. "तिला न कळायला काय झालं? बिघडवलं त्या पहिल्याच दिवशी कळलं असेल. तरी रोज बसायची."

इंजिन निवल्यावर त्यांनी झाकण काढलं. चाक हाताने फिरवत, दोन्ही बाजू बघत त्यांनी दहा मिनिटांत चकती बरोबर जागेवर आणली आणि पुन्हा वाफ केली. आता ठोके एकसारखे पडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. पाणी संपेपर्यंत त्यांनी ते चालू ठेवलं. मग त्यांनी फडक्याने सगळं पुसलं, तेलाचे दोन थेंब सोडले आणि हात धुवायला मोरीत गेले. हात धुऊन झाले तरी ते वाहत्या नळापुढे उभेच राहिले. शेवटी मीच जाऊन नळ बंद केला.