रुमालाखालची बोटं

बैलबाजारात मामांनी तोंडाने कधी भाव सांगितला नाही. खांद्यावरचा रुमाल हातावर पसरायचा आणि खाली गिऱ्हाइकाची बोटं दाबायची; जितकी बोटं, तितका भाव. "तोंड खोटं बोलतं भाच्या, बोटं न्हाई," म्हणायचे. केडगावहून रिकाम्या हाताने आलेल्या मला दलालीचा हा धंदा त्यांनीच शिकवला.

त्याच बोटांनी माझा घात केला. शिरूरच्या बाजारात माझी खिलारी जोडी विकताना मामांनी एक बोट कमी दाबलं. रुमालाखालचा सौदा कुणी मोडत नाही. जोडी स्वस्तात गेली. "सकाळीच पिऊन आलात काय?" मी चार माणसांत ओरडलो. उभ्या जन्मात दारूला न शिवलेला माणूस! "चौथं बोट वळलंच न्हाई रे," ते म्हणाले. मला ढोंग वाटलं. दोन वर्षं अबोला धरला. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

पुढे मामा अडखळू लागले, बोलणं जड झालं. दौंडला एका डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या. शेवटी मामी रडत आली, तेव्हा मीच त्यांना पुण्याला नेलं. स्कॅनमध्ये मेंदूत दोन्हीकडे पांढरे डाग. "कॅल्शियम साठलंय. दुर्मीळ आजार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी येताच मामीने चुन्याची डबी उकिरड्यावर फेकली, दूधही बंद केलं. "चुनाच चढला डोक्यात!"

"मंग भिंतीला फासायला तरी घ्या मला," मामा म्हणाले.

पुढच्या खेपेला बाईंनी समजावलं, "चुन्याने, दुधाने हे होत नाही. साठलेलं काढता येत नाही. थरथरीला औषध देऊ. पडू मात्र देऊ नका."

मी कुणाचा पहिला शब्द कधी मानलेला नाही. "बाई, काहीतरी कमी-जास्त करा ना!"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही सख्ख्या बहिणीचे? हा आजार घराण्यातून येऊ शकतो. तुम्हीही स्कॅन करून घ्या."

माझी आई शेवटी पाय घासत चालायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो.

तेव्हापासून चहा घेताना माझी कपबशी वाजते का, ते मी कान देऊन ऐकतो.

मामा वारले, त्याच्या आठवडाभर आधी त्यांनी रुमाल मागितला. त्याखाली माझं एकेक बोट चाचपलं, दाबलं. "साफ हाय तुझा हात. भिऊ नगं."

रुमालाखाली मामा कधी खोटं बोलले नव्हते. पण ती बोटं चुकतात, हे मीच भर बाजारात ओरडून सांगितलं होतं. बाईंनी दिलेली स्कॅनची चिठ्ठी अजून खिशातच आहे.