प्लगचा आकडा आणि बाबांचं मशीन

बाबांच्या फुप्फुसांची ताकद कमी होत गेली, तेव्हा डॉक्टरांनी रोज काही तास ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते आम्ही भाड्यानं आणलं. मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते. बदलापुरात मांजर्लीच्या घरी दिवसभर बाबा एकटेच. म्हणून मशीनला स्मार्ट प्लग लावला. मशीन किती वीज घेतंय ते मला मोबाइलवर दिसायचं. आकडा बघितला की माझं कामात लक्ष लागायचं.

एका दुपारी तो आकडा शून्यावर आला. बाबा फोन उचलेनात. आमची एक किल्ली समोरच्या काकूंकडे असते, म्हणून त्यांना फोन लावला. त्या तव्यावरची पोळी तशीच ठेवून गेल्या आणि त्यांनी मला फोन केला. बाबा खुर्चीत बसलेत, नाकात नळी आहे, मशीन चालू आहे, त्याच्या आवाजात रिंग ऐकू आली नसेल, असं त्या म्हणाल्या. 

मग असं वरचेवर व्हायला लागलं. कधी शून्य, कधी पूर्वीपेक्षा बराच कमी आकडा. मी वैतागून नवा प्लग आणायला निघाले, तेव्हा बाबा म्हणाले, "थांब. आधी हा खोटं बोलतोय का ते तरी बघू."

अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरीभर मोजमापाची यंत्रं तपासली होती. आजारपणात पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात हुरूप दिसला, म्हणून मीही बसले.

रविवारी मशीनची वेळ संपल्यावर आम्ही सुरुवात केली. बाबा खुर्चीतून सांगायचे, मी करायचे. वाय-फायचा डबा आतल्या खोलीत लोखंडी कपाटामागे होता. तो हॉलमध्ये आणल्यावर प्लगचा सिग्नल तुटेनासा झाला आणि मधूनच शून्य दिसायचं थांबलं. पण कमी आकड्याचं कोडं राहिलंच. ज्याचे वॅट नक्की ठाऊक आहेत असं काहीतरी लाव, असं बाबांनी सुचवलं. माळ्यावरून जुना पिवळा बल्ब काढला. त्याच्यावर लिहिलेलं आणि मोबाइलवर दिसलेलं जवळपास सारखंच होतं. इस्त्रीचंही तसंच निघालं. मग मशीन पुन्हा लावलं. आकडा मशीन घरी आणलं तेव्हापेक्षा खूपच खाली.

बाबांनी मोबाइल मागून आकडा स्वतः बघितला. मग म्हणाले, "प्लग बरोबर आहे. मशीनच कमी पडतंय."

भाड्यानं देणाऱ्या दुकानदारानं त्याच संध्याकाळी माणूस पाठवला. त्यानं नळीतून येणारा ऑक्सिजन तपासला, तर तो पाहिजे त्यापेक्षा बराच कमी होता. आतला कॉम्प्रेसर झिजला होता. त्यानं लगेच दुसरं मशीन बसवून दिलं. इतके दिवस बाबांना धाप लागायची ती आजार वाढल्यामुळे, असंच आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनाही दाखवून आलो. आता रक्तातली ऑक्सिजनची पातळी ठीक आहे, म्हणाले.

आजार आहे तिथेच आहे. पण बाबा आता न थांबता न्हाणीघरापर्यंत जातात, संध्याकाळी दारात खुर्ची टाकून काकूंशी गप्पा मारतात. त्यांचं आणि माझं एवढं बोलणंही आधी कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

त्या दुपारी धावत गेल्याबद्दल मी काकूंना कॅम्पातून एक साडी आणली. त्या आधी रागावल्या. मग पदर उलगडून बघितला, आणि रंग आवडला म्हणाल्या.