उंबऱ्याबाहेरून लावलेला रंग

चेहऱ्याला रंग लावायचा असेल तर स्पंज ओला करून पिळावा, आणि पिळून झाला असं वाटलं की पुन्हा एकदा पिळावा. माझ्या नाती फाउंडेशन थापताना दिसल्या की मी हे सांगते, आणि त्या हसतात. आजीला काय ठाऊक, असं त्यांचं तोंड सांगतं. आजीला ठाऊक आहे. आजीला हे एका पुरुषाने शिकवलं, तेही उंबऱ्याच्या बाहेर पाठ करून उभं राहून.

तो पुरुष म्हणजे अप्पांचा, माझ्या वडिलांचा, चुलत भाऊ, आमचा काका. कोडंबाक्कमच्या एका सिनेमा स्टुडिओत नटनट्यांना रंग लावणाऱ्यांमध्ये तो होता. अप्पा जॉर्ज टाउनमधल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून. आमचं सगळं गोत तंजावरहून मद्रासला आलेलं. कोणी मास्तर, कोणी कारकून, आणि हा एकटा सिनेमावाला. नातेवाईक त्याची चेष्टा करत आणि जाताना हळूच नट्यांच्या बातम्याही विचारून घेत. काका बढाईखोर होता, पण मनाचा फार चांगला.

आमच्या आईचा फोटो नव्हता. लहानपणी तंजावरला तिला देवी आल्या होत्या. तिकडच्या भाषेत ‘अम्मन घरात आली’ म्हणत. आई वाचली, पण तोंडभर व्रण राहिले. गाल, नाक, हनुवटी, कुठेही बोट ठेवा, खळगा लागायचा. आम्हां मुलांना त्याचं काहीच नव्हतं. मी तर लहान असताना झोप येईपर्यंत तिच्या गालावर बोट फिरवत असे. आईला मात्र होतं. घरातला एकुलता एक आरसा तिने इतका उंच टांगून घेतला होता की त्यात तिचं कपाळ तेवढं दिसावं. कुंकवापुरता आरसा. घरातल्या एका ग्रुप फोटोत ती आहे म्हणतात, पण मांडीवरच्या मला तिने नेमक्या वेळी वर उचललं, त्यामुळे तिथे माझंच टक्कल आहे.

त्याच साथीत आईची पाठची बहीण गेली. दोघींत वर्षाचं अंतर. लोक एकीला दुसरीच्या नावाने हाक मारत, इतक्या त्या सारख्या दिसायच्या, असं आई सांगायची. आमच्यात लहानपणी गेलेल्या मुलीला विसरत नाहीत. घरात काही मंगल असलं, कोणी दूर गावी निघालं, की आधी तिच्या नावाने पाटावर नवा परकर, बांगड्या, फुलं ठेवायची आणि तिचा आशीर्वाद घ्यायचा. नंतर तो परकर घरातल्या मुलीने नेसायचा. घरातली मुलगी मीच, म्हणून माझे सगळे चांगले परकर आधी मावशीचे असत. आई पाटासमोर बसली की डोळे मिटायची आणि उठताना दर वेळी एकच म्हणायची, "तोंड आठवत नाही गे तिचं."

माझ्या मोठ्या भावाला, अण्णाला, पेनांगला नोकरी लागली तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची असेन. बोटीचं तिकीट आलं, ट्रंक भरली, लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधली. आणि जायला आठवडा उरला असताना अण्णा हटून बसला, आईचा फोटो पाहिजे.

"अय्यो, मज फोटो नको," आई म्हणाली. "हे तोंड समुद्रापार नेऊन कोणास दाखवणार?"

"कोणास नाही. मज पाहायचं."

"पाहा की आत्ता. बसलेंय इथे."

अण्णा त्या रात्री जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आईने हात टेकले आणि अट घातली: तोंड सारखं करून देणार असाल तर येते. मग अप्पांनी काकाला बोलावणं धाडलं.

काका आला तो पत्र्याची पेटी घेऊनच. तिच्यात पॅनकेकच्या, म्हणजे तोंडाला लावायच्या सुक्या रंगाच्या, चपट्या गोल डब्या, स्पंज, पावडरचा पफ आणि उंटाच्या केसांचे म्हणून सांगायचे ते ब्रश. सगळं मांडल्यावर कळलं की नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दिराने वहिनीच्या तोंडाला हात लावायचा कसा? स्टुडिओत तो दिवसभर परक्या बायकांच्या तोंडाला हात लावत होता, त्याचं काही नाही. पण ही वहिनी. तिच्या पायांना हात लागायचा, गालाला नाही. काका स्वतःच लाल झाला. शेवटी ठरलं की आई मधल्या खोलीत बसेल, काका उंबऱ्याबाहेर पाठ करून उभा राहील आणि तो सांगेल तसं मी लावायचं. अप्पा ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते म्हणाले, "याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं."

काकाने तिकडे आपल्याच गालावर लावून दाखवायचं आणि मी मान लांब करून पाहायचं. "स्पंज पीळ. पिळलास? पुन्हा पीळ." मला वाटलं याला काय कळतंय. मी स्पंज तसाच ओला ठेवला, केकवर घासला आणि आईच्या गालावर फासला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आई रोज न्हाताना तोंडाला हळद लावत असे, तिच्या कातडीचाच तो रंग झाला होता. त्या हळदीवर काकाचा गुलाबी केक बसला आणि आई राखाडी दिसायला लागली, आजारी माणसासारखी. ओला रंग खळग्यांत साचला, कडांना सुकला. मघापर्यंत जे व्रण नुसते होते ते आता मोजता आले असते.

आईने आरसा मागितला नाही. तिला माझ्या तोंडाकडे पाहून कळलं. "पोदुम," ती म्हणाली. पुरे. आणि पदराने गाल पुसायला लागली. मला रडू यायला लागलं. बाहेर अण्णा जिन्याच्या पायरीवर बसला होता, तो उठून उभा राहिला, पण आत आला नाही.

"वैनी, चूक माझी," काका भिंतीकडे तोंड करून म्हणाला. त्याची बढाई कुठल्या कुठे गेली होती. "हळदीचं ध्यान मज राहिलं नाही. स्टुडिओत हळद लावून कोणी येत नाही. हळद काढाल काय, एक दिवस?"

"सवाष्णीने तोंडाची हळद काढायची? बाहेर तुझे दादा बसलेत, ते धडधाकट असूं देत."

वर्तमानपत्र खाली आल्याचा आवाज झाला. "पायास असूं दे हळद," अप्पा ओसरीवरूनच म्हणाले. "मंगळसूत्रास असूं दे. तोंडाची काढलीस म्हणून मज काही होत नाही. झालंच तर मी सांगेन."

आई हसली. त्या हसण्यावरच पुढचं सगळं निभावलं.

मग खोबरेल तेलाने आणि बेसनाने तोंड धुतलं. काकाने भुशात ठेवलेला बर्फ आणवला, तो पंच्यात गुंडाळून मी आईच्या तोंडावर फिरवला, म्हणजे मद्रासच्या उन्हात घाम जरा उशिरा येतो. काकाने दोन डब्यांतले केक डबीच्या झाकणावर खरवडून एकत्र केले. तो रंग हातावर लावून पाहायचा नाही, जबड्याच्या कडेला लावायचा. तिथे दिसेनासा झाला की तो तुमचा. पहिल्यांदा दिसला, दुसऱ्यांदाही दिसला, तसं मी आतून सांगितलं, मग काकाने त्यात कणभर पिवळा घातला आणि दिसेनासा झाला.

"आता ऐक," काका म्हणाला. "खळगा बुजवायचा नाही. बुजत नाही तो. त्यातली सावली तेवढी काढायची." बारीक ब्रशने प्रत्येक व्रणात थोडा उजळ रंग टेकवायचा. मग स्पंज. घासायचा नाही, थोपटायचा. पातळ एक हात, तो सुकू द्यायचा, मग दुसरा. नाकापासून कानाकडे, हनुवटीखालून गळ्यापर्यंत, नाहीतर तोंड एकीचं आणि मान दुसरीची. शेवटी पफने पावडर दाबायची, वरची झटकायची आणि ओल्या फडक्याने नुसतं टिपायचं. या वेळी मी स्पंज दोनदा पिळला. आईचे डोळे मिटलेले होते आणि मी तिच्या गालावर थोपटत होते. लहान मूल निजवताना थोपटतो तितक्याच हलक्या हाताने, असं काकाने सांगितलं होतं. ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

झाल्यावर मी उंच टांगलेला आरसा काढला आणि आईच्या समोर धरला.

आईने डोळे उघडले. मला वाटलं होतं ती लाजेल, किंवा ‘हे काय सोंग’ म्हणेल. ती पुढे वाकली. आरशाच्या काचेला तिने हात लावला. स्वतःच्या गालाला नाही, काचेला. आणि अगदी हळू म्हणाली, "कां गे, कोठे होतीस इतके दिवस?"

आई स्वतःशी बोलत नव्हती. तिला बहीण दिसली होती. व्रण नसते तर आई जशी दिसली असती तशीच मावशी मोठी होऊन दिसली असती, आणि ती आता समोर बसली होती, चाळिशीची, कपाळाला कुंकू लावून. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते खाली पडू दिलं नाही. रंग ओघळला असता. "वळ रे," ती काकाला म्हणाली. काका वळला आणि त्याने पाहिलं. त्याच्या एकाच गालावर रंग होता, दुसरा तसाच, पण कोणी हसलं नाही.

माउंट रोडवरच्या फोटो स्टुडिओत आम्ही जटक्यातून, घोडागाडीतून, गेलो. आई मध्ये, मी पेटी मांडीवर घेऊन तिला वारा घालत, अण्णा घोडेवाल्याशेजारी, काका सायकलवर मागे. रस्ताभर आई ताठ बसली होती, डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखी. फोटोग्राफरने दिवे लावले, आई काचेच्या डोळ्याकडे सरळ पाहत राहिली आणि फोटो निघाला. अण्णा निघायला उठला.

आई उठली नाही. "तोंड धुवायचं पाणी कोठे मिळेल?" तिने विचारलं.

आम्हांला वाटलं उन्हाने तिला कसंसं होतंय. ती मागच्या नळावर गेली. मी पाणी ओतलं, तिने खसाखसा तोंड धुतलं. कमरेच्या पुडीतून हळद काढली, हातावर कालवली, तोंडाला लावली, जास्तीची पुसली. परत येऊन त्याच खुर्चीवर बसली, दिव्यांखाली, सगळे व्रण घेऊन. फोटोग्राफर माझ्याकडे पाहायला लागला.

"आता काढा," आई म्हणाली. आणि अण्णाकडे वळून, "मघाचा तुझा नव्हे. तो माझ्या बहिणीचा. तुझ्या आईचा हा. हाच ने."

अण्णा तिथेच, परक्या माणसासमोर, हुंदके देऊन रडला. बोटीवर चढताना मात्र हसत होता. फोटो त्याच्या वरच्या खिशात होता.

पहिला फोटो आईने मावशीच्या परकरांबरोबर ट्रंकेत ठेवला. पुढच्या पूजेला तो पाटावर टेकवला आणि त्याला मोगऱ्याचा लहानसा हार घातला. अप्पा ओरडलेच, "जित्या माणसाच्या फोटोस हार घालतेस? अपशकुन!"

"त्यात मी कोठे आहें?" आई म्हणाली आणि डोळे मिटून बसली. त्या दिवशी उठताना ती ‘तोंड आठवत नाही’ असं म्हणाली नाही. पुन्हा कधीच म्हणाली नाही.

आई गेली तेव्हा अण्णा पेनांगहून आला. नातेवाइकांनी ट्रंकेतला गुळगुळीत गालांचा फोटो शोधून काढला. म्हणाले, किती सुरेख आहे, हाच भिंतीवर लावा. अण्णाने तो त्यांच्या हातून हळूच काढून घेतला. "ही मावशी," तो म्हणाला आणि खिशातून आपला फोटो काढला. कोपरे झिजलेले, घामाने पिवळा पडलेला, पण व्रण सगळे जागच्या जागी होते.

आता दोन्ही फोटो शेजारीशेजारी आहेत. आईच्या फोटोला त्या दिवशी पहिला हार पडला. शेजारच्या फोटोला तो कितीतरी वर्षं पडत होता, आणि घालणारी आईच होती.