इंजिन गेलं, उतार राहिला

नदीकाठ लोकांचा आहे असं तुम्ही म्हणता, तेव्हा त्या लोकांत कोणाकोणाला धरता?

मी विसाव्या वर्षी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. मी पाणीखात्यात नकाशे गिरवत होतो आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहीत होतो. सोलापूरला पाणी चढवणारं इंजिन मंद्रूपच्या वाटेवर नदीकाठी होतं. तिथे वाळू साचू लागली, म्हणून इंजिनासकट सगळा कारखाना नदीच्या वरच्या अंगाला दोन मैल हलवायचं ठरलं. मोकळ्या होणाऱ्या जागेवर बड्या मंडळींचे बंगले उठतील अशी बोलवा होती. मी पेटलो. ‘काठ जनतेचा, बाग जनतेची’ असं पत्रक छापून वाटलं. खात्याने बाग मान्य केली, तेव्हा मला जग जिंकल्यासारखं वाटलं. बागेचा नकाशाही मीच काढला. नदीच्या बाजूने सलग भिंत घातली, तिच्यालगत बाकं.

इंजिन हलवायचं काम एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे होतं. मी पत्रक त्यांना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“झ्याक लिवलंय, मास्तर. पण ह्यात मेंढरू कुटं हाय, दाखवा की.”

मी हसलो. ते हसले नाहीत. कुंपणाबाहेर एक धनगरीण कळप घेऊन उभी होती. त्यांनी तिला हाक मारली, “आक्का, ह्यांना सांग जरा.”

ती म्हणाली, “मेंढरं पाण्यावर न्यायचा आमचा उतार हितंच व्हता बाबा. मैलभरात दगडाची जागा ही एकच. बाकी समदा चिखल. तुमचं इंजिन बसलं नि वाट बंद झाली. गेल्या साली दोन मेंढ्या गाळात रुतून मेल्या. आता बाग करणार म्हणं. बागंत मेंढरं येऊ देतील व्हय?”

तिच्या वाटेवर भिंत मीच काढली होती.

पुढच्या आठवड्यात इंजिनाचा बॉयलर वर काढण्यासाठी नदीपासून रस्त्यापर्यंत दगडमातीचा उतार बांधायला सुरुवात झाली. मिस्त्रींनी तो हवा त्याहून रुंद आणि सपाट धरला. ठेकेदाराचा मुकादम कुरकुरला, “मिस्त्री, बॉयलर न्यायचाय का नवरदेवाची वरात?”

“बैलाचा पाय घसरला तर तू खांदा देणार हाईस का?” मिस्त्री म्हणाले, आणि दगड बसवत राहिले.

ओंडक्यांवरून सरकत, बैलांच्या आठ जोड्यांनी ओढत बॉयलर वर आला. एकही बैल गुडघ्यावर आला नाही. मग खात्याचे साहेब पाहणीला आले. ठरल्याप्रमाणे उतार उखडून त्याचे दगड बागेच्या भिंतीला लावायचे होते.

“काडता येईल साहेब,” मिस्त्री म्हणाले. “पर एक डाव सकाळच्या पारी हितं हुबं ऱ्हावा, मग हुकूम द्या.”

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मीही होतो. तो कळप उतारावरून खाली गेला, पाणी प्यायला आणि त्याच वाटेने वर आला. साहेबांना धूळ खात बाजूला व्हावं लागलं. धनगरीण कोणाकडे न बघता मेंढरं मोजत होती. मोजून झाल्यावर तिने मिस्त्रींकडे पाहून मान हलवली.

साहेब मला म्हणाले, “हा उतार नकाशात घ्या.”

मी पात्याने भिंतीची शाई खरवडली आणि तिथे उतार काढला. नकाशावर ती खरवडल्याची खूण अजून दिसते. मी आजवर खूप लिहिलं, पण त्या खुणेएवढं खरं काही लिहिलं असेन असं वाटत नाही. मिस्त्रींना लिहिता जेमतेम येत होतं. हक्क हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्यांनी तो दगडात बसवून दिला.

आता बागेत झाडं वाढली आहेत. मेंढरांमुळे घाण होते, म्हणून उताराला फाटक लावून कुलूप घालावं, असा अर्ज शहरात फिरतो आहे. माझी पत्रकं वाचणाऱ्या मित्रांनीच तो लिहिला आहे. तो तुमच्याकडेही येईल. सही करण्याआधी एका सकाळी त्या उताराशी जाऊन उभे राहा, कळप वर येईपर्यंत थांबा, आणि मग तो अर्ज सही न करताच परत करा.