टेबलावरचं टेबलावर

विद्यापीठाच्या फुटबॉल संघात त्याला खिळा म्हणायचे. बचावफळीत एकदा उभा राहिला की समोरचा कितीही नाचो, हा जागचा हलत नसे. आता केस पिकले, पोट सुटलं, तेव्हा मुलं खिळेकाका म्हणायला लागली आणि नव्या मुलांना तर ते त्याचं आडनावच वाटायचं. गुडघ्याने दगा दिला म्हणून खेळ सुटला, पण संघ काही सुटला नाही. संघाचे जुने मालिशवाले होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली तो दाबणं, चोळणं, पट्ट्या बांधणं शिकला आणि उस्ताद गेल्यावर त्यांचं टेबल याच्याकडे आलं. बायको म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंत आणि संसार मात्र त्या टेबलाशी." त्यावर तो हसायचा.

टेबल कपडे बदलायच्या खोलीत, गरम पाण्याच्या टाकीजवळ असे. वरचं रेक्झिन जागोजागी फाटलेलं, त्यावर चिकटपट्टीची ठिगळं, आणि तेलाचा वास असा मुरलेला की खिडकी उघडी ठेवली तरी जायचा नाही. खेळाडू त्यावर पालथा पडला की त्याची जीभ सैल होते, हे उस्तादांनीच त्याला सांगितलं होतं. प्रेमात पडलेले, परीक्षेत आपटलेले, घरी भांडून आलेले, सगळे तिथे बोलायचे. पण टेबलाचा खरा नियम दुखण्याचा होता, आणि तो समजायला संघाच्या सुरुवातीकडे जायला हवं.

विद्यापीठाच्या निम्म्या इमारती अजून उभ्या राहायच्या होत्या तेव्हा हा संघ झाला. मैदान म्हणजे वर्कशॉपमागचा एक खोलगट तुकडा, निम्मा वेळ चिखलाने भरलेला. अकरा खेळाडू मिळाले, बारावा मिळाला नाही. तरी पोरं कशी कोण जाणे अंतिम सामन्यापर्यंत गेली, आणि त्या सामन्यात पहिल्याच धक्क्याला कप्तानाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याने हे फक्त मालिशवाल्याला सांगितलं. मालिशवाल्याने चादर फाडून शर्टाच्या आतून खांदा करकचून बांधला आणि गुळणी धरून बसला. ते जिंकले. कॉरिडॉरमध्ये तो फोटो अजून आहे. कप्तानाच्या एका हातात कप, दुसरा हात कुणाचा तरी आणून लावल्यासारखा लोंबतोय.

तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी त्या फोटोपुढे उभं करून गोष्ट सांगायची, मग टेबलावर पंजा ठेवून त्याच्याकडून वदवून घ्यायचं: टेबलावरचं टेबलावर. म्हणजे खेळाडूने आपलं दुखणं मालिशवाल्याला सांगावं आणि मालिशवाल्याने ते पोटात ठेवावं. कोचला कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे शर्टाचा रंग बदलला, मैदान बदललं, एका वर्षी तर खेळाडू पुरेनात म्हणून हॉकीवाले उसने आणले, पण या नियमाला कुणी हात लावला नाही. मला विचाराल तर शहाण्या माणसांनी एकत्र येऊन केलेला मूर्खपणा फार टिकतो.

खिळ्याचा गुडघा याच नियमाने गेला. आत काहीतरी सटकतंय हे त्याने उस्तादांना सांगितलं होतं, उस्तादांनी कुणाला सांगितलं नाही, आणि तो हंगाम संपेपर्यंत खेळत राहिला. उस्तादांना त्याने कधी दोष दिला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पण पुढे एकदा सत्काराला तो पहिला कप्तान आला, म्हातारा झालेला, आणि निघताना त्याला कोटाच्या बाहीत हात घालता येईना. खिळ्याने मागून कोट धरला. म्हातारा ओशाळून म्हणाला, कप हलका होता हो, कोटच जड जातो. हे खिळ्याने घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग हे त्या पोरांना का नाही सांगत? त्याने विषय बदलला.

आणि मग ते वर्ष आलं. त्या पहिल्या कपानंतर संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोचला होता, आणि पोचला होता तो टपालमुळे. टपाल म्हणजे पुढच्या फळीतला एक काटकुळा मुलगा. त्याच्याकडे चेंडू दिला की बरोबर पत्त्यावर पडायचा. वडील नव्हते, आई लोकांचे कपडे इस्त्री करायची. एका मोठ्या क्लबची माणसं त्याला बघायला येऊन बसली होती. आज चमकला तर घरातली इस्त्री कायमची थंड होणार, हे सगळ्या संघाला माहीत होतं.

सामना बाहेरगावी होता, पण टेबल बसच्या टपावर बांधून बरोबर नेलेलं. सामन्याआधी टपाल त्यावर पडला. बाकीचे बाहेर अंग मोकळं करत होते. खिळा त्याची मान चोळत होता आणि अंगठ्याखाली नाडी लागली. ती धावत सुटायची, मग थबकायची, जिना उतरताना पायरी चुकावी तशी, मग पुन्हा धावायची. खिळ्याने हात उचलला, पुन्हा ठेवला. सामन्याची धास्ती असेल, असं त्याने स्वतःलाच समजावलं. तो काही डॉक्टर नव्हता.

"काही होतंय का रे?" त्याने विचारलं.

 टपालने पालथ्यानेच सांगितलं की हॉस्टेलच्या न्हाणीघरात तो पडला होता, शुद्ध हरपून. नंतर जिन्यावरही एकदा डोळ्यांपुढे काळोख आला. कुणाला ठाऊक नाही. आज संपलं की दाखवून येईन म्हणाला. आणि मग मान वळवून त्याने खिळ्याकडे पाहिलं.

"काका, टेबलावरचं टेबलावर."

 खिळ्याने हात पुसले, पुन्हा पुसले आणि खोलीबाहेर पडला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. सांगावं तर पोराचा जन्म वाया, संघाचा कप गेला, आणि ज्या शब्दावर आजवर सगळ्यांनी विश्वास टाकला तो शब्दही गेला. न सांगावं तर? त्या 'तर'च्या पुढे त्याचं डोकं जाईना. बाहेर प्रेक्षक टाळ्यांचा ठेका धरत होते आणि त्याला त्या टाळ्यांतही ती चुकणारी नाडी ऐकू येत होती. काहीच नसेल तर? बहुतेक काहीच नसेल. सामन्याआधी कितीजणांची छाती धडधडते. पण धडधडणारी छाती माणसाला न्हाणीघरात पाडत नाही.

तो कोचकडे गेला. कोच आणि तो एकाच संघात खेळलेले. पोरांसमोर 'सर', एरवी अरे-तुरे. खिळ्याने त्याला बाजूला घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कोचचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कडक झाला.

"तू मला काही सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "आणि मी काही ऐकलं नाही. सामना संपू दे."

"संपेपर्यंत पोरगं राहिलं नाही तर?"

"खिळ्या, तू पंजा ठेवलायस. मीही ठेवलाय."

आणि कोच कानांवर हात ठेवून निघून गेला. वाईट माणूस नव्हता तो. आयुष्यभर ज्या दाराशी उभं राहिलो ते दार आज उघडतंय आणि कुणी मागून शर्ट ओढतोय, असं त्याला झालं होतं. मला त्याचा राग येतो, पण त्याच्या जागी मी काय केलं असतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

संघ मैदानात जायला ओळीत उभा राहिला. टपाल ओळीच्या टोकाला, बुटाची नाडी आवळत. स्पर्धेची डॉक्टर मैदानाच्या कडेला आपल्या पेटीवर बसली होती, तरुण मुलगी, हातात पाण्याची बाटली. खिळा लंगडत ओळीच्या पुढून गेला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिच्यापाशी जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "त्या मुलाची छाती तपासा. तो एकदा बेशुद्ध पडलाय, एकदा पडता पडता वाचलाय. मला त्याने टेबलावर सांगितलं."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण चोरून सांगितलं असं व्हायला त्याला नको होतं.

ओळीत कुणी हललं नाही. डॉक्टरने टपालला बाकावर बसवून तपासलं, बराच वेळ तपासलं, मनगट धरून बसली. इथे नक्की सांगता येणार नाही, ती म्हणाली. काही असेल, काही नसेलही. पण मी याला मैदानात जाऊ देणार नाही. टपालने शर्ट खाली ओढला आणि खिळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रागाने बघितलं असतं तर ते परवडलं असतं.

सामना हरले. टपालच्या जागी खेळलेल्या मुलाने उघड्या जाळ्यासमोर चेंडू आकाशात मारला आणि मग मैदानातच डोकं धरून बसला. परतीच्या बसमध्ये अळीमिळी गुपचिळी. फक्त कप्तान, तो गोलकीपर होता, आपल्या जागेवरून उठून खिळ्याजवळ आला. "काका, आम्ही तुम्हाला आमचे समजत होतो," एवढंच म्हणाला आणि जाऊन बसला. खिळ्याला वाटलं, याने मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

टपालच्या तपासण्या झाल्या. कुणी म्हणालं हृदयात जन्मापासून काहीतरी आहे, कुणी म्हणालं तसं काही दिसत नाही, पण खेळ बंद ठेवा. क्लबची माणसं पुन्हा फिरकली नाहीत. टपाल विद्यापीठ सोडून आईकडे गेला. खिळ्याने त्याला भेटायचं ठरवलं, निघालाही, आणि बसस्टॉपवरून परत आला. जाऊन म्हणणार काय? तू जिवंत आहेस ते माझ्यामुळे, असं म्हणायचं, की तुझं वाटोळं झालं ते माझ्यामुळे? दोन्हीपैकी खरं कोणतं ते त्यालाच माहीत नव्हतं. पोरगं मैदानात कोसळलं असतं तर निदान आपण बरोबर होतो हे कळलं असतं, असा विचार एकदा मनात येऊन गेला आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं. 

पुढच्या हंगामात टेबल रिकामं राहिलं. हाकलून द्यायला कुणी धजलं नाही, पण वाळीत टाकायला ठराव लागत नाही. मुलं आपापल्या पोटऱ्या आपणच चोळायची, एकमेकांना पट्ट्या बांधायची, आणि चुकीच्या बांधायची. खिळा रोज यायचा, तेल गरम करायचा, टॉवेलाच्या घड्या घालायचा, त्याच घड्या मोडून पुन्हा घालायचा. नव्या मुलांकडून कुणी पंजा ठेवून घेतला नाही. कोच खोलीत आला तर टेबलाकडे पाठ करून बोलायचा.

एका सरावानंतर सगळे निघून गेले आणि कप्तान मागे राहिला. दाराशी उभा राहिला, मग आला आणि टेबलाच्या कडेवर बसला. पालथा पडला नाही.

"मागच्या सामन्यात माझं डोकं खांबावर आपटलं," तो म्हणाला. "तेव्हापासून मला दोन चेंडू दिसतात."

 खिळ्याचे हात तेलाने बरबटलेले होते आणि ते कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"सरांना सांगायला गेलो होतो. दारातून परत आलो. कप्तान आहे ना." त्याने नाक ओढलं. "पोरांनाही नाही सांगता येत. ती कुणाला सांगायची नाहीत. म्हणून तुमच्याकडे आलो, काका. तुम्ही सांगता."

वर्षभर 'सांगणारा' हा जो शब्द शिवीसारखा पाठीमागून ऐकू येत होता, तोच हा. खिळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही. टपालचं काय झालं असतं, याचं उत्तर त्यातून मिळालं नव्हतं, आणि ते आता कधी मिळणारही नव्हतं.

"तू शेजारी उभा राहशील?" त्याने विचारलं.

कप्तानाने मान डोलावली. खिळ्याने हात धुतले आणि दोघे मिळून कोचच्या खोलीकडे निघाले.